अम्मांचं लवंग, माझं लवंग

खोटं कशाला बोलू? सासूबाईंना वास येईनासा झाला, तेव्हा पहिले पंधरा दिवस मला जरा हायसंच वाटलं होतं. आता हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं खरं. त्यांचं नाक म्हणजे आमच्या घरातलं कोर्ट. हॉलमधल्या झोपाळ्यावर बसून त्या स्वयंपाकघरातल्या माझ्यावर खटला चालवायच्या. "अगे, तूप कढतें, उतर." "मेथी जास्त जाली." "पुरण तळाला लागतें, पाहा." मध्ये दोन भिंती आणि एक चौक, तरी त्यांना कळायचं, आणि चीड याची की दरवेळी त्यांचंच बरोबर निघायचं. मग त्या उठून यायच्या, "सर" म्हणायच्या आणि माझ्या हातातला डाव काढून घ्यायच्या. मी सरायची आणि मनातल्या मनात मिरजेला जाऊन यायची.

मिरज हे माझं माहेर. लग्न होऊन कुंभकोणमला आले त्याला अकरा वर्षं झाली. सासरचे लोकही मराठीच, पण तंजावरच्या दरबाराबरोबर इकडे आलेल्यांपैकी. राजे गेले, दरबार गेला, हे राहिले, आणि यांची मराठीही तेव्हाचीच राहिली. वर तमिळचा तडका. पहिल्या आठवड्यात मला वाटायचं, घरात सगळे जुन्या दस्तऐवजातून वाचून बोलतायत. त्यांना माझी मराठी म्हणजे घाईत शिवलेलं परकर-पोलकं वाटायचं. सासूबाईंना सगळं घर अम्मा म्हणतं, मीही अम्माच म्हणते.

त्या पहिल्याच वर्षी लवंगेचं प्रकरण झालं. अम्मांनी मला कुर्म्यात "दोन बोटं लवंग" घालायला सांगितली. दोन बोटं म्हणजे काय, हे विचारायची माझी छाती नव्हती. दोन बोटांच्या चिमटीत मावतील तितक्या लवंगा मी घातल्या. चांगल्या दहा-बारा. जेवताना सगळ्यांच्या जिभा बधिर. मामंजी तर दातांच्या डॉक्टरकडून आल्यासारखे तोंड चाचपत बसले. तेव्हा उलगडा झाला, अम्मांना हवी होती दोन बोटं लांबीची दालचिनी. तमिळमध्ये दालचिनीला लवंगपट्टै म्हणतात. पट्टै म्हणजे साल. आमच्या घरातल्या मराठीत ती साल कधीतरी गळून पडली आणि नुसतं लवंग उरलं. म्हणजे अम्मांचं लवंग ही माझी दालचिनी, आणि माझ्या लवंगेला त्या म्हणतात किरांबु. तेव्हापासून घरात दोन लवंगा झाल्या, अम्मांचं लवंग आणि माझं लवंग. मी कानाला खडा लावला. यापुढे आपण आपली मराठी गुंडाळून ठेवायची आणि अम्मांसारखंच बोलायचं.

तर वासाचं. मागच्या पावसाळ्यानंतर अम्मांना ताप आला. साधाच, चार दिवसांचा. ताप उतरला आणि पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी कॉफीचा पेला तोंडाला लावून खाली ठेवला. "गरम पाणी दिलंस काय?" म्हणाल्या. मी घोट घेऊन पाहिला, कॉफी कडक होती. मी म्हटलं, तोंडाला चव नसेल, येईल. आली नाही. गोड कळायचं, तिखट झोंबायचं, पण वास म्हणून काही नाही. पुढचे पंधरा दिवस मी मन मानेल तसा स्वयंपाक केला. फोडणी करपली, कोण बोलणार?

मग एक दिवस मी समोरच्या मामींकडे गेले होते, परत येते तो दारातच गॅसचा भपकारा. शेगडीचं बटण सुरू, ज्योत नाही, आणि अम्मा तिथेच ओट्याशी उभ्या राहून शेंगा निवडतायत. धावत आत गेले. मी बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, त्यांना हाताला धरून बाहेर काढलं. त्यांना काय झालंय तेच कळेना. कळलं तेव्हा त्या पायरीवरच बसल्या. रात्री माझ्या नवऱ्याने जेवताना जरा तोडूनच सांगितलं, अम्मा, आता एकटीनं स्वयंपाकघरात जायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या उंबऱ्याच्या आत आल्याच नाहीत. दारात उभ्या राहून पाणी मागायच्या, पाहुण्यासारख्या. ते मला बघवेना. माझं हायसं वाटणं त्या दिवशी संपलं.

डॉक्टरांनी चार बाटल्या दिल्या. लिंबू, गुलाब, निलगिरी आणि लवंग, म्हणजे माझं लवंग. रोज सकाळ-संध्याकाळ डोळे मिटून एकेक हुंगायची, आणि तो वास कसा असतो ते आठवायचं. नाकाची तालीम म्हणे. येईल वास, पण कधी ते सांगता येणार नाही. अम्मा पूजेला बसावं तशा बसायच्या. तीन महिने बसल्या. मग एका सकाळी चारही बाटल्या माळ्यावर ठेवून दिल्या आणि म्हणाल्या, "पुरे जालें. मेलेल्या माणसाला किती हाका माराव्या?"

आमच्याकडे महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी भजन असतं. अम्मा या घरात सून म्हणून आल्या त्याच्याही आधीपासूनचं. झांजा, मृदंग, अभंग, पंधरा-वीस माणसं. तंजावरी मराठी घरं, शेजारचे तमिळ, पट्टीश्वरमहून येणारं एक म्हातारं जोडपं. भजनानंतरचं खाणं अम्मांचं. आता ते माझ्या गळ्यात पडलं. अम्मांच्या हातचं खाल्लेल्या माणसांपुढे अम्मांचेच पदार्थ मी करायचे? छे! मार बसला असता. म्हणून मी शक्कल लढवली. जे अम्मांनी कधी केलंच नाही ते करायचं, म्हणजे तुलना नको. मोबाइलवर एक गोड ब्रेड पाहिला होता. मैद्याचं यीस्ट घालून भिजवलेलं पीठ, त्याचे लिंबाएवढे गोळे, पातळ लोण्यात बुडवून गूळसाखर आणि दालचिनीच्या पुडीत घोळवायचे आणि गोल डब्यात एकावर एक रचून भाजायचे. अंडं नाही, काही नाही. भाजून झालं की डबा परातीत उपडा करायचा. वरून पाक ओघळतो आणि ज्याने त्याने आपापला गोळा तोडून घ्यायचा.

पहिल्यांदा परात मध्ये ठेवली तेव्हा कुणी हात लावेना. एकाच ब्रेडला सगळ्यांचे हात, म्हणजे उष्टं की काय? अम्मांनीच निकाल दिला. "तोंड लागलं तर उष्टें. हात लागला तर प्रसाद." झालं, परात पाच मिनिटांत साफ. मामींनी त्याला पिच्चु ब्रेड नाव ठेवलं, पिच्चु म्हणजे तमिळमध्ये तोडून. माझा जीव भांड्यात पडला. अम्मांनीही एक गोळा तोडून खाल्ला. "गोड आहे. मऊ आहे. ऊन आहे," म्हणाल्या, मग जरा थांबून, "वास कसा येतो, सांग." दालचिनीचा वास कसा सांगायचा हो? मी म्हटलं, "छान येतो, अम्मा." याहून बावळट उत्तर मी आयुष्यात दिलं नसेल.

मार्गशीर्षातल्या भजनाच्या दोन दिवस आधी अम्मांनी माझ्या नवऱ्याला बोलावून सांगितलं, "हें शेवटचं. पुढल्या महिन्यापासून भजन दुसरे घरीं न्या. नैवेद्य जळला तर जिला कळत नाही, तिनं देवाला घरीं बोलवूं नये." नवरा समजावत बसला, मी पाया पडले, पण ऐकतील तर शपथ. एवढी वर्षं चाललेलं भजन, आणि ते मोडणार होतं एका नाकापायी. मी ठरवलं, शेवटचं तर शेवटचं, पण ब्रेड असा करायचा की लोकांनी आठवण काढावी. नेहमीच्या दुप्पट.

शनिवारी सकाळी उठले तर माझंच नाक चोंदलेलं. पहाटेच्या दवात दारात रांगोळी काढायची हौस, दुसरं काय! दोन्ही नाकपुड्या बंद. क्षणभर धडकी भरली की मलाही अम्मांचंच झालं की काय, मग सटासट चार शिंका आल्या आणि साधी सर्दी आहे म्हणून बरं वाटलं. पीठ भिजवलं, आणि डबा पाहते तर दालचिनी संपलेली. नवरा आपल्या समया-भांड्यांच्या दुकानासाठी नाच्चियारकोविलला माल आणायला गेला होता. मी फोन केला, "येताना लवंग आणा. पूड करून. शंभर ग्रॅम." तो म्हणाला, "इतकी?" म्हटलं, "दुप्पट ब्रेड आहे, आणा." दुपारी त्याने फाटकातूनच पुडी माझ्या हातात दिली आणि तसाच दुकानात गेला.

पुडी जरा काळपट वाटली. म्हटलं, जुनी साल असेल. गूळसाखरेत कालवली, गोळे घोळवले, दोन डबे रचले, थंडीमुळे पीठ फुगेना म्हणून तासभर वाट पाहिली आणि ओव्हनमध्ये सरकवले. भजन सुरू व्हायला दीड तास होता. मी ओटा पुसत होते. हॉलमध्ये झोपाळ्याची कडी कुरकुरत होती, आणि ती एकदम थांबली.

"अगे! किरांबु कोण जाळतें?"

मी नाक पुसत ओरडले, "कोणी नाही, अम्मा. ब्रेड आहे."

"किरांबु आहे!"

"लवंग आहे, अम्मा. तुमचं लवंग!"

पावलं वाजली. अम्मा दारात आल्या, उंबऱ्याशी जराशा थबकल्या आणि आत आल्या. थेट ओट्यापाशी. पुडी उचलली, नाकाला लावली आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "माझं नव्हें गे. हें तुझं लवंग."

मी चिमूटभर जिभेवर ठेवली आणि जीभ बधिर. बोंबला! दोन डबे ब्रेड, तासाभरात वीस माणसं दारात, आणि या माणसाने शंभर ग्रॅम लवंगेची पूड आणून दिलेली! अकरा वर्षं मी घोकून घोकून अम्मांसारखं बोलायला शिकले होते. आणि अकरा वर्षं माझ्याशी संसार करून त्याने माझ्यासारखं ऐकायला शिकून घेतलं होतं. नेमकं आजच! मी डोक्याला हात लावला. नवऱ्याला आणि माझ्या नाकाला मनातल्या मनात पाचपन्नास शिव्या हासडल्या. आणि मग सावकाश माझ्या टाळक्यात उजेड पडला.

"अम्मा," मी म्हटलं, "तुम्हाला कसं कळलं?"

अम्मांनी पुडी अजून नाकाशीच धरली होती. "वास आला," त्या म्हणाल्या, इतक्या हळू की मला ओठांवरून कळलं. मग त्यांनी एकेक डबे उघडायला सुरुवात केली. कॉफीची पूड, "थोडी थोडी." हिंग, "आहे, आहे!" देवाजवळचा मोगरा, "नाही. तो नाही." मग त्या माझ्याजवळ आल्या, माझ्या डोक्याशी नाक नेलं आणि म्हणाल्या, "तेल खवट आहे तुझें. टाकून दे." सासूने असं म्हटल्यावर कुणाला इतका आनंद झाला असेल? मी त्यांना मिठीच मारली. त्या "सोड, सोड, सर्दी देशील" म्हणत राहिल्या, पण सोडवून घेतलं नाही.

नवरा आला तो दारातच तोंड वाकडं करून. "अहो, हे काय आणलंत?" "तूच लवंग म्हणालीस!" "मी अम्मांचं लवंग म्हणाले!" "मला काय ठाऊक? तू म्हटलंस म्हणून तुझं आणलं!" मग त्याची नजर अम्मांकडे गेली. ओट्याशी उभ्या, आणि हातात हिंगाची डबी. तो वहाणा दारातच काढून आत आला. म्हणाला, "अम्मा, मग पुढल्या महिन्याचं भजनाच्या मंडळींना काय सांगू?"

"सांगायचें काय? एथेंच. दुसरे घरीं कोठें?" अम्मा म्हणाल्या. "आणि लवंग मी आणवीन."

माणसं यायला लागली होती, बाहेर कुणीतरी मृदंग ठोकून पाहत होतं. खायला काहीतरी हवं होतं. मी घाईघाईने कढई ठेवली, तूप टाकलं आणि उपम्याचा रवा भाजायला घेतला. नाक बंदच, रवा कुठवर आला कळायला मार्ग नाही. अम्मा माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी एकदा वास घेतला, माझ्या हातातला डाव धरला आणि म्हणाल्या, "सर."

मी सरले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाकातूनही वाहत होतं, आणि बघणाऱ्यांना वाटलं सर्दी आहे.