वगळलेले पाच बिंदू

"'स्वतंत्रपणे संशोधन करू शकते' म्हणे!" सरांनी माझं शिफारसपत्र पाहुण्यांना वाचून दाखवलं. दोघं पाहुणे चहा पीत हसले.

पत्र मीच लिहिलं होतं. तशी पद्धतच आहे. विद्यार्थ्याने मसुदा आणायचा, मार्गदर्शकाने सही करायची. एका मोठ्या प्रयोगशाळेत पीएच.डी. झालेल्यांसाठी दोन वर्षांची संशोधनाची जागा निघाली होती. विषय माझाच, काचेवरचे पातळ अर्धवाहक थर. मार्गदर्शकाच्या पत्राशिवाय अर्ज घेणार नव्हते.

सरांनी ते वाक्य खोडलं. वर लाल शाईने लिहिलं, 'आज्ञाधारक. उपकरणं स्वच्छ ठेवते.'

"तुमच्या लोकांना बाकी सगळीकडे राखीव आहेच की. इथं डोकं लागतं. सुप्याला एमआयडीसीत बघ काहीतरी."

मी "बरं सर" म्हणाले. हो, म्हणाले. ते 'बरं' मला अजून जाळतं.

घरी आईला सांगितलं. ती नुकतीच खुरपणीहून आली होती. "लई शिकलीस. आन् तिथं त्वांड शिवून आलीस व्हय?" एवढंच बोलली. बौद्धवाड्यात सभांची पत्रकं मोठ्याने वाचून दाखवत मी वाढले. अन्यायावरची सगळी वाक्यं पाठ. सरांच्या केबिनमध्ये एकही तोंडातून निघालं नव्हतं.

आठवड्याने नगरला परिसंवाद होता. सरांनी पडद्यावर आलेख दाखवला. चार वर्षांची मेहनत माझी, नाव एकट्या त्यांचं. उजेड वाढेल तसा थराचा विद्युतरोध उतरत जातो, असं दाखवणारी गुळगुळीत रेघ. ज्या प्रयोगशाळेत जागा निघाली होती, तिथल्या संचालकबाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी विचारलं, "जास्त उजेडातली मोजमापं कुठे आहेत?"

सर माझ्याकडे वळले. "सांग गं त्यांना."

मी उठले. पडद्याशेजारच्या फळ्यापाशी जाऊन खडू घेतला.

"मोजमापं माझी आहेत. शेवटचे पाच बिंदू सरांनी वगळलेत. रेघ बिघडते म्हणून."

पाचही बिंदू फळ्यावर काढले. तिथे रोध पुन्हा चढत होता. का चढतो, तेही सांगितलं. संचालकबाईंनी मान डोलावली.

"खाली बस," सर दातओठ खात म्हणाले.

"नाही सर. अजून संपलं नाही."

सर आपले कागद गोळा करू लागले. मला दया आली नाही. बरं वाटलं. ते लपवत नाही.

सही अर्थातच मिळाली नाही. पत्राशिवाय अर्ज पाठवला. परत आला. 'मार्गदर्शकाचं पत्र जोडलेलं नाही.' खाली संचालकबाईंची सही. फळ्यासमोर मान डोलावणाऱ्या त्याच बाई.

तेव्हापासून निघेल त्या जागेला अर्ज करते. आणि महिन्यातून एकदा एस.टी.ने पुण्याच्या ग्रंथालयात जाते, सरांचा नवा लेख शोधायला. माझ्या मोजमापांच्या वह्या माझ्याच ताब्यात आहेत, तारीखवार. ज्या लेखात माझा बिंदू गाळलेला दिसेल, त्याच्या संपादकाला पत्र जाईल. माझ्या नावाने. पहिलं गेलंय. सर निवृत्त होईपर्यंत मी थांबणार नाही.

नंतरही नाही.