वहिनींच्या घरचं पाणी

गरम वार्निशचा उग्र-गोडसर दर्प म्हणजे माझ्यासाठी बाबा. अमरावतीहून भोपाळला आले तेव्हा ते एका कारखान्यात विजेच्या मोटारींना तांब्याची तार गुंडाळून वार्निश लावायचं, वाइंडिंगचं काम करत; तो बंद पडल्यावर आनंद नगरच्या आमच्या ओसरीवर कधी पंखे, कधी मिक्सर, तर कधी कुणाचा मुका झालेला रेडिओ उघडून बसत. आणि गणेशोत्सवात मराठी मंडळाच्या सभागृहातली रोषणाई त्यांच्या हातून व्हायची, इतकी वर्षं, की ते काम त्यांचंच, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

गेल्या भाद्रपदात आरती चालू असताना तिथला विजेचा बोर्ड जळाला, पडद्याने पेट घेतला आणि पडदा ओढून काढताना एका आजोबांचे हात भाजले. जुन्या तारांना नव्या दिव्यांचा भार सोसणार नाही, हे बाबांनी महिनाभर आधी मंडळाचे सचिव वसंतराव यांना माझ्यादेखत सांगितलं होतं. वसंतराव त्यांचे जिवलग मित्र. दर रविवारची सकाळ दोघांची एकत्र जायची. "यंदा निभावून न्या हो," ते हसून म्हणाले होते.

आगीनंतरच्या मंडळाच्या बैठकीत मात्र ते बाबांकडे न बघता म्हणाले, "वायरिंग भाऊच बघतात. आम्हाला कुणी काही बोललं नव्हतं."

"वसंतराव, मी बोललो नव्हतो?"

वसंतराव समोरचे कागद सारखे करत राहिले. मला बाबा एकाएकी म्हातारे दिसले.

मार्गशीर्षात वसंतरावांच्या घरचा पंप जळाला. ते स्वतः आले नाहीत. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, पंपाची मोटार रिक्षात घालून आल्या, मान खाली घालून. मी संतापले.

"तुम्ही का करायचं त्यांचं काम?"

"पाण्यावाचून वहिनींनी काय करायचं?" बाबा म्हणाले, आणि तांब्याची तार हातात घेतली.

मोटार बसवायला मीही सोबत गेले. वसंतराव दारात येऊन पुटपुटले, "भाऊ, आत या ना. चहा घ्या."

"नको."

टाकीत पाणी पडू लागल्याचा आवाज येईपर्यंत बाबा अंगणात उभे राहिले, मग चपला घालून निघाले. वाटेत ते एकदाही मागे वळले नाहीत. त्यांनी माफ केलं असावं, असं मला क्षणभर वाटलं होतं. पण बाजूने पाहिलं तर त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते, आणि डोळ्यांतलं पाणी तेलकट हातांनी पुसता येत नव्हतं.