पॅकिंगरावांचा कॉम्प्युटर

आमच्या ह्यांना माझा भाऊ पॅकिंगराव म्हणतो. तोंडावर भाऊजी, पाठ वळली की पॅकिंगराव. ह्यांना ते ठाऊक आहे, आणि खरं सांगू, मनातून आवडतंही. काचसामानाच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात उभी हयात काढली ह्यांनी. ह्यांच्या हातून गेलेली एकही बरणी कधी फुटून परत आली नाही म्हणे. म्हणे म्हणजे, हेच म्हणतात.

नोकरी संपली, सवय घरी आली. रिमोटला पिशवी. फ्रिजच्या दारावर आला तेव्हाचा प्लॅस्टिकचा पापुद्रा, आता कडेने पिवळा पडलेला. भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेवरही तेच, त्यामुळे आमच्याकडे वेळ नेहमी धुक्यातून बघावी लागते. मुलगी नोकरीसाठी परगावी निघाली त्या दिवशी मी डोळे पुसत होते आणि हे तिच्या बॅगेला दुसरं कव्हर चढवत होते. मी उलटी. प्लॅस्टिक दिसलं की माझी नखं शिवशिवतात. पण ह्यांना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी!

मी फोटो स्टुडिओत होते. आधी काउंटरवर, मग फोटोंचे डाग-सुरकुत्या काढायला, मग लोकांच्या समारंभांच्या फिल्म जोडायला. मालकांनी दुकान बंद केलं आणि मी घरी बसले. बसले म्हणजे अक्षरशः बसले. स्वयंपाकात मीठ विसरायचे, कोणी काही विचारलं की वसकन अंगावर जायचे. हे आठवडाभर गप्प बघत राहिले आणि एके सकाळी रिक्षातून चार-पाच खोकी उतरवली.

“हे काय आणि?”

“तुझा कॉम्प्युटर. जोडायचाय.”

“अहो, तयार मिळतात की दुकानात!”

“तयार काय, कोणीही आणेल.”

जेवायच्या टेबलावर चादर अंथरली. मोबाइलवर व्हिडिओ लावायचा, थांबवायचा, एक स्क्रू बसवायचा, पुन्हा लावायचा. दोन दिवस आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो. शेवटी बटण दाबलं, आतला पंखा फिरला, पडदा उजळला. त्या वेळी ह्यांचा चेहरा असा फुलला होता की तसा तो आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा नाही.

मग मालकांचा फोन आला. एका जोडप्याच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली होती, त्यांची फिल्म करायची होती. “शनिवारी हातात पडली तर यापुढचं सगळं काम तुमच्याकडे,” ते म्हणाले. “नाही जमलं तर मोकळेपणाने सांगा, दुसरा माणूस आहे.” दुसरा माणूस! हे शब्द मला चांगलेच झोंबले.

फिल्म मी जीव ओतून जोडली. पण शेवटी सगळे तुकडे मिळून एकच फाइल करायची असते, आणि तेव्हा प्रोसेसरला, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूला, धाप लागेपर्यंत पळावं लागतं. पळाला की तो तापतो. थोडा तापणारच. आमचा मात्र असा भडकायचा की पाव फिल्म होते न होते तोच स्वतःला वाचवायला बंद पडायचा. पडदा काळा, झालेलं काम पाण्यात, पुन्हा पहिल्यापासून.

पडद्याच्या कोपऱ्यात त्याचं तापमान दिसेल अशी सोय ह्यांनी केली आणि मागे उभं राहून मॅचची कॉमेंट्री करावी तसे आकडे वाचायला लागले. “नव्वद... पंच्याण्णव... नव्याण्णव... गेला!” आधी कॉम्प्युटर टेबलाखालच्या कोनाड्यातून वर घेतला. बाजूचं झाकण काढलं, आणि आत धूळ जाईल म्हणून तिथे मच्छरदाणीची जाळी चिकटवली. समोर टेबलफॅन आणून ठेवला. टेबलफॅनलाही पिशवी होती, ती मात्र निरुपायाने काढली. खिडकीतलं ऊन अडवायला चादर टांगली. एवढं सगळं करून तापमान उतरलं किती? दोन अंश! रोग रेड्याला आणि औषध पखालीला. पंखा सोसाट्याने फिरतोय, वारा आतून सपाटून वाहतोय, आणि प्रोसेसर आपला तापलेला तो तापलेलाच. घोडं कुठे पेंड खातंय, कळेना.

शुक्रवारी दुपारी तो पुन्हा बंद पडला आणि माझं तोंड सुटलं.

“दुरुस्तीवाल्याला बोलवा.”

“दुसऱ्याचा हात नको लागायला. नवा आहे.”

“नवा! तयार आणला असता तर ही वेळ आली नसती! या घरात एक वस्तू धड वापरायला मिळत नाही. आता मलाही एक पिशवी घाला आणि ठेवा कपाटावर, नवीच्या नवी!”

मी फोन उचलला आणि मालकांचा नंबर शोधायला लागले. नाही जमत, असं सांगून टाकायचं, संपला विषय.

“अर्धा तास दे,” हे म्हणाले. “मग कर फोन.”

त्यांनी कॉम्प्युटर आडवा केला. “बॅटरी धर.” मी फुणफुणत धरली. प्रोसेसरच्या डोक्यावर एक धातूचा ठोकळा बसवलेला असतो, त्याच्यावर पंखा. प्रोसेसरची उष्णता ठोकळ्याने ओढून घ्यायची आणि पंख्याने ती उडवून लावायची. दोघांत फट राहू नये म्हणून मध्ये राखाडी पेस्ट. ह्यांनी चारी स्क्रू सोडवले, ठोकळा हलकेच फिरवून उचलला आणि उलटा केला.

तळाला प्लॅस्टिक होतं. काडेपेटीएवढा पारदर्शक पापुद्रा, वरून पेस्टने माखलेला. कडेला बारीक तांबडी अक्षरं: बसवण्याआधी काढावे.

म्हणजे इतके दिवस आम्ही बाहेरून वारा घालत होतो, आणि आत त्या बिचाऱ्याच्या डोक्यावर रेनकोट!

“हे तुम्हाला दिसलं नव्हतं?”

“दिसलं होतं.”

“मग?”

हे ठोकळ्याकडेच बघत राहिले. “तळ अगदी आरशासारखा होता गं. तुझ्यासाठी घेतलेली वस्तू. म्हटलं, चरा नको जायला.” मग त्या तांबड्या अक्षरांवर बोट टेकवत म्हणाले, “आमच्या खोक्यांवर ‘जपा’ लिहिलेलं असायचं. ‘काढा’ असं कधी कोणी लिहिलंच नाही.”

सुनवायला एवढं घबाड हाती लागलं होतं की वर्षभर पुरलं असतं. पण मला हसू फुटलं, हसता हसता डोळे भरून आले, आणि राग कुठे गेला ते मला समजलंच नाही. किती वेडा माणूस आहे हा, आणि किती माझा.

“काढू?” त्यांनी विचारलं.

“काढा.”

अंगठ्याने कड उचलून त्यांनी ते सोललं. कापसाने जुनी पेस्ट पुसली, वाटाण्याएवढी नवी लावली, ठोकळा पुन्हा आवळला. मी फाइल करायला लावली. पन्नास. अठ्ठावन्न. चौसष्ट. आणि तिथेच थांबलं. “चौसष्ट,” हे म्हणाले. थोड्या वेळाने, “अजून चौसष्टच.” आवाज असा हळू, जणू कोणी झोपलंय. टेबलफॅन त्यांनी आपल्या हाताने बंद केला. आम्ही दोघं शेजारी बसून त्या म्हाताऱ्या जोडप्याची पन्नास वर्षं पुढे सरकताना बघत राहिलो.

मध्येच हे उठले. “ऊठ जरा.”

मी उठले. त्यांनी ब्लेडने माझ्या खुर्चीच्या गादीवरचं प्लॅस्टिक कडेकडेने कापलं आणि ओढून काढलं. “बस आता.” बसले. अंगाला कापड गार लागलं.

फिल्म शनिवारी पोचली. सोमवारी मालकांनी पुढचं काम पाठवलं, आणि दुसऱ्या माणसाचं नाव पुन्हा काढलं नाही. फ्रिजचा पापुद्रा आहे तिथेच आहे, घड्याळावरचं धुकंही. सगळं एकदम सुटत नाही माणसाचं.

तो काडेपेटीएवढा तुकडा ह्यांनी केराच्या डब्यात टाकला होता. हे अंघोळीला गेल्यावर मी तो काढून घेतला. त्याच्यावरच्या पेस्टमध्ये ह्यांच्या अंगठ्याचा ठसा उमटलाय, रेघ न् रेघ. माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवलाय तो.

परवा भाऊ आला, त्याची नजर पडली. “ताई, तू? आणि प्लॅस्टिक जपून ठेवलंयस?” असं म्हणत तो काच उचलायला गेला.

“हात लावू नकोस,” मी म्हटलं. “चरा जाईल.”