सिरिलच्या वाक्याची शेपटी

आमच्या सिरिलने जन्मात एक वाक्य सरळ संपवलं असेल तर शपथ! शेपटी हवीच. "गार आहे, नाही का?" "पाऊस येणार नाही, येईल का?" आमची इंग्रजीच तशी. 'आहे' म्हटलं की मागे 'नाही का', 'नाही' म्हटलं की मागे 'आहे का', अशी उलटी शेपटी. आणि ती लावली की समोरच्याने मान डोलवायची, ही इंग्लंडातल्या यॉर्कशरच्या आमच्या खोऱ्यातली रीत. बाहेर गारा पडत असताना कुणी "छान उघडलंय, नाही का?" म्हणालं तरी "उघडलंय खरं" म्हणून पुढे जायचं. नाही म्हणणं म्हणजे तोंडावर दार आपटणं. पण माझ्या या धाकट्या भावाने त्या रीतीचा पार चोथा केला.

खिडक्या धुणं हा त्याचा धंदा. खांद्यावर शिडी, सायकलला बादली. दर गुरुवारी मिसेस क्लेगच्या खिडक्या. बाई विधवा, आमच्याच आळीतली. काचा आधीच इतक्या लख्ख की कावळे येऊन आपटावेत, तरी हा पुसतोच आहे, पुसतोच आहे! आणि ती त्याच्यासाठी खिडकीच्या कट्ट्यावर आंबटगोड रुबार्बच्या पाईचा तुकडा ठेवायची. अख्ख्या आळीला कळलं होतं, या दोघांना सोडून.

अशात कॅनडातल्या बहिणीने बाईला कायमचं राहायला बोलावलं. त्या गुरुवारी सिरिल घरी आला तो सुतकी चेहऱ्याने.

"काय झालं रे?" मी विचारलं.

"मी त्यांना म्हटलं, तुम्ही आता जाणारच, नाही का?"

"असं विचारतात होय? मग?"

"म्हणाल्या, 'जायला हवं, नाही का?'"

"आणि तू?"

"मी म्हटलं, हो ना."

"अरे गाढवा!"

"मग काय म्हणणार, हिल्डा? त्यांनी विचारलंच तसं! पण त्यांना जायचंय की नाही जायचंय? मला काही म्हणजे काही उमजेना."

मला तरी कुठे उमजत होतं! म्हणून दुसऱ्या दिवशी मीच गेले. बाई पाठमोरी, ट्रंक भरत होती.

"सिरिलला काही वाटणार नाही, वाटेल का?" तिने विचारलं.

'छे, त्याला काय वाटायचंय' हे अगदी जिभेवर आलं होतं. ते गिळलं. "वाटेल!" म्हणाले.

ती गर्रकन वळली. अंगावर बादली ओतल्यासारखा चेहरा. मी घाबरले आणि शेपटी जोडून मोकळी झाले, "म्हणजे... वाटेल, नाही का?"

"हो, वाटेल बहुतेक," ती अदबीने म्हणाली. आता हे तिच्या मनातलं की नुसती रीत, देव जाणे. घरी आले ती डोकं धरूनच.

शनिवारी बंदराकडे जाणारी बस. ट्रंक वर चढवायला हाच पठ्ठ्या!

"वेळेवर आली, नाही का?" तो म्हणाला.

"हो ना," बाई म्हणाली. हातातल्या रुमालाची तिने पिळून पिळून पार दोरी केली होती. मी सिरिलला असा चिमटा काढला की कळवळला. बाईने पायरीवर पाय ठेवला.

"एनिड," सिरिल म्हणाला, "जाऊ नकोस."

मिसेस क्लेग नाही, एनिड! ती थांबली. शेपटीची वाट बघत होती. मी बघत होते, कंडक्टर बघत होता, मागची रांगसुद्धा. शेपटी आलीच नाही. सिरिल स्वतःच आ वासून उभा, जणू दुसरंच कुणी बोललं.

"मग ट्रंक खाली घ्यायला हवी, नाही का?" तिचा आवाज पार चिरकला.

सिरिल गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. "हिल्डा, ही विचारतेय की सांगतेय?"

"हो म्हण, मेल्या! आयुष्यभर नको तिथे म्हणालास, आता म्हण!"

"हो," सिरिल म्हणाला, आणि धडपडत वर चढला.

कंडक्टर बिचारा पुरता चक्रावला होता. "म्हणजे बाई, तुम्ही येत नाही, येताय का?"

"नाही," एनिड म्हणाली. पुढे काही नाही.