गच्चीवरून ऐकलेलं अवकाशयान

स्वतःच्या डोळ्यांवर इतका अविश्वास असलेला माणूस मी उभ्या आयुष्यात दुसरा पाहिला नाही. आमचे लाँचवाले आबा डोळ्यांना साक्षीदार मानतच नसत. "डोळ्यांचं काय, दाखवंल त्ये बघत्यात," असं म्हणून ते समोरचा अख्खा डोंगरसुद्धा निकालात काढत. कान मात्र खरे. मुळशीच्या धरणाच्या पाण्यातून अल्याडची माणसं पल्याड नेणारी लाँच ते चालवत. हिवाळ्यात पाण्यावर असं धुकं उतरे, की पुढच्या टोकाला बसलेला माणूस मागच्याला दिसू नये. अशा सकाळी आबा चक्क डोळे मिटून सुकाणू धरत. अल्याडच्या देवळातली घंटा, पल्याडची पिठाची गिरणी आणि मधल्या टेकाडावरची धनगराची कुत्री, एवढ्या भांडवलावर ते लाँच बरोबर धक्क्याला लावत. पल्याडच्या शाळेवर माझी नेमणूक झाली तेव्हा पहिल्याच सकाळी मी हा प्रकार पाहिला आणि मोठ्यानं रामरक्षा सुरू केली. "गुरुजी, जरा हळू म्हना," आबा डोळे न उघडता म्हणाले, "गिरनी ऐकू येईना."

कलिंगड वाजवून घेणारे पुष्कळ असतात. आबा सगळंच वाजवून घेत. मडकं, घमेलं, नवा दरवाजा, एकदा तर पौडच्या बाजारात विकायला आलेली म्हैस. मुलीसाठी स्थळं आली तेव्हा मुलगा बघायला हे समोर बसलेच नाहीत. तो जेवत असताना भिंतीपलीकडे पाय पसरून ऐकत बसले. दोन मुलं त्यांनी अशीच परत पाठवली, कारण जेवताना त्यांचा काही आवाजच झाला नाही. "गुपचूप जेवनारा मानूस रागबी गुपचूप धरतो," असं त्यांचं म्हणणं. तिसऱ्यानं आमटीचा असा भुरका मारला की आबांनी तिथल्या तिथे सुपारी फोडायला सांगितली, आणि ते लग्न आजही उत्तम चाललं आहे. जत्रेतल्या नाटकाला ते पहिल्या रांगेत बसत, पण रंगमंचाकडे पाठ करून. एका वर्षी राजाचं काम करणाऱ्याला ते फार लागलं. त्यानं मध्यंतरात येऊन विचारलं तर आबा म्हणाले, "तुमी घसा सांभाळा, शेवटापातुर पुरायचा न्हाई." तो पुरला नाहीच. शेवटच्या प्रवेशात राजानं खुणांनी राज्य सोडलं.

या सगळ्याचं मूळ एकदा मला कळलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की धरणाच्या मधोमध दगडी जोत्यांच्या दोन-चार रेघा वर येतात. ते आबांचं गाव. धरण भरलं तेव्हा ते बापाच्या खांद्यावर बसून बाहेर पडले होते. "गाव दिसायला कसं हुतं, मला काय बी आठवत न्हाई," लाँच त्या रेघांजवळून नेताना ते म्हणाले. "पर आईचं जातं आठवतं. पहाटंचं घरघरायचं. तेवढंच राह्यलंय बगा माज्याकडं." 

अशा माणसाच्या आयुष्यात टीव्ही आला, आणि तोही त्याला गच्चीवर चढवणारा. आमच्या पाण्यावर तयार झालेल्या विजेनं मुंबईतले टीव्ही कधीपासून चालत होते. आमच्या ग्रामपंचायतीत तो आला तो बऱ्याच उशिरा, ऐंशीच्या पुढच्या वर्षांत. पण सिंहगडावरचा मनोरा आणि आमचं गाव यांच्यामध्ये डोंगर, आणि पाण्यावरून येणारा वारा अँटेनाला क्षणभर एका दिशेला उभी राहू देईना. चित्र यायचं ते मुंग्यांच्या वारुळातून आल्यासारखं. वाऱ्याचा अंदाज असलेला माणूस हवा, असं सरपंचांनी ठरवलं, आणि वाऱ्याला ओळखणारा माणूस गावात एकच होता. दर रविवारी सकाळी आबा कचेरीच्या गच्चीवर चढायचे आणि अँटेनाचा दांडा सुकाणूसारखा धरून बसायचे. पाऊस असला तर डोक्यावर इरलं. टीव्ही त्यांच्या पायाखालच्या खोलीत चाले, आणि तो दिसत नाही याचं त्यांना काडीचंही दुःख नव्हतं.

रविवारी सकाळी एक परदेशी मालिका लागे. अवकाशयानातून ताऱ्याताऱ्यांवर फिरणाऱ्या माणसांची. भाषा इंग्रजी, आणि गावात इंग्रजी कळतं अशी समजूत फक्त माझ्याविषयी होती. माझं इंग्रजी पाठ्यपुस्तकातलं, आणि ती माणसं बोलत नाकातून आणि घाईत. चारातला एक शब्द माझ्या हाती लागे. उरलेले तीन मी पदरचे घालत असे. खिडकीशी खुर्ची टाकून मी खोलीला आणि गच्चीला ऐकू जाईल अशा आवाजात गोष्ट सांगायचो. मुंग्यांमुळे पडद्यावरचा माणूस हसतोय की रडतोय हे कुणालाच कळत नसे, त्यामुळे माझं फावलं.

एका रविवारी वरून प्रश्न आला, "गुरुजी, ही मानसं घरी कवा जायची?"

पडद्यावर कप्तान कुणाला तरी रागावत होता. का, ते देवाला ठाऊक. आदल्याच दिवशी मी लाँचीतून ती जोती पाहिली होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "त्यांचं गाव पाण्याखाली गेलंय, आबा. तेच शोधत फिरतायत." त्या दिवशी अर्धा तास अँटेना तसूभर हलली नाही, आणि इतकं स्वच्छ चित्र आमच्या गावानं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. पुढच्या रविवारी मालिका सुरू व्हायच्या आधीच आबांनी विचारलं, "घावलं का?"

मग काय, मी अडकलोच. मालिकेची पहिली दोन पर्वं मी त्या यानाला गाव शोधायला लावलं. इंजिनवाल्या म्हाताऱ्याला, जो मूळ मालिकेत बहुधा यंत्राच्या भागांची नावं सांगत असावा, मी सोयऱ्यांच्या आठवणी काढायला लावल्या. कुठल्याही ग्रहावर उतरले की कप्तान आधी पाण्याची खोली विचारी. सोमवारी लाँचीत आबा त्या भागाचा काथ्याकूट करत. "त्या म्हाताऱ्याला सापडंल," ते म्हणायचे. "त्यो कान देऊन ऐकतो." आपण एका म्हाताऱ्या माणसाला फसवतो आहोत, हे मला कधीकधी टोचे. पण रविवार आला की मी पुन्हा खिडकीशी बसायचो.

शेवटच्या पर्वाच्या तोंडावर सरपंचांनी उंच खांब आणि बूस्टर आणला. नारळ फुटला, मुंग्या गेल्या आणि मालिका पहिल्यांदा गावाला दिसली. दिसली आणि पडली. ज्याला आम्ही परग्रहावरचं धुकं समजत होतो ते आमच्याच टीव्हीतलं होतं. धुकं गेल्यावर मागे रंगवलेला पडदा निघाला. दार लावलं की भिंत हले. कप्तानाच्या अंगावर दरड कोसळली तर त्यातला एक धोंडा उसळी मारून त्याच्या टोपीवरून पलीकडे गेला. सरपंच म्हणाले, शेवटी शेवटी बिघडवली. पोस्टमन म्हणाले, पैसे संपले असतील, नाहीतर धोंडा असा उडतोय कशाला. पुण्याहून नवीन आलेले ग्रामसेवक एकटेच म्हणत, की मालिका पहिल्यापासून अशीच होती, तुम्हाला दिसत नव्हती एवढंच. त्यावर गाव त्यांच्यावर चिडलं. स्वतःच्या गेल्या दोन वर्षांविषयी असं कुणी बोललेलं कुणाला आवडतं?

हे ग्रामसेवक पदवीधर. त्यांना इंग्रजी खरोखरच येत होतं. त्यामुळे गोष्ट सांगायचं काम आपसूक त्यांच्याकडे गेलं. आबांनाही गच्चीवरून उतरवून, इतकी वर्षं दांडा धरला म्हणून, पहिल्या रांगेत मानाची खुर्ची दिली. आबा पाठ करून बसायला लागले तर सरपंचांनी त्यांना हाताला धरून वळवलं. पहिला भाग संपल्यावर आबांनी ग्रामसेवकांना विचारलं, "त्यांचं गाव कुटवर आलं?"

"कुठलं गाव? असं काही नाहीये यात, आबा," ग्रामसेवक सरळपणानं म्हणाले. "संशोधनासाठी फिरतात ते."

आबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. त्यानंतर कित्येक आठवडे मी लाँचीत मागच्या टोकाला वर्तमानपत्र पसरून बसत होतो. धुक्यातसुद्धा, जिथे एक अक्षर दिसत नसे. आबांजवळ त्या गावाचं एक जातं तेवढं उरलं होतं. मी त्यांना अख्खं गाव परत मिळायची आशा लावली होती, आणि ती आता सगळ्या गावासमोर खोटी ठरली होती. मला माझीच लाज वाटत होती, दुसरा शब्द नाही.

आबा मात्र दर रविवारी येऊन त्या खुर्चीत डोळे उघडे ठेवून बसत. अजून काही सापडेल असं त्यांना वाटत असावं. शेवटचा भाग आला. यानातली माणसं कसल्याशा विनोदावर हसली, यान एका नव्या ताऱ्याकडे वळलं आणि संपलं. आबा उठले. "शेवटाला माती केली," एवढंच म्हणून चप्पल घालून निघून गेले. गावात शेवटचं पर्व बिघडलं असं म्हणणारे सगळेच होते, पण तसं म्हणताना डोळे पुसणारे ते एकटेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाट धुकं होतं आणि लाँचीत मी एकटा. मधोमध पोचल्यावर आबांनी इंजिन बंद केलं. घंटा एकीकडून, गिरणी दुसरीकडून, आणि मध्ये आम्ही दोघं.

"का थांबलो आबा?"

"हितं खाली आमचं घर हाय," ते म्हणाले. "गुरुजी, पेपर ठिवा खाली. धुक्यात काय वाचताय?"

मी पेपर ठेवला आणि एकदाचं बोलून टाकलं. "आबा, मी खोटं सांगत होतो. त्या मालिकेत गाव नव्हतंच."

"मला ठावं हाय की," आबा म्हणाले. "पयल्या दिवसापास्नं ठावं हाय. त्यांचं खरं सांगताना तुमी अडखळता. आन् आपलं घालता तवा घडाघडा बोलता. कान हायेत मला. मला वाटलं, गाव तुमचं असलं तरी त्यांच्या गोष्टीत बी काय तरी तसं असंल. थोडं तरी खरं असंल. म्हनून बसलो बगत. तर न्हाईच."

पाणी लाँचीला हलकेच थापट्या मारत होतं.

"आता त्यांनी शेवट बिघडवला म्हनून आपन बी बिघडवायचा का?" आबा म्हणाले, आणि माझ्याकडे पाठ करून, डोळे मिटून बसले. "हं. सांगा. वारा पडलाय, चित्र बरं येतंय."

मी सांगू लागलो. यान पाण्यावर उतरलं. कप्तानानं खोली विचारली. इंजिनवाला म्हातारा म्हणाला, यंत्रं बंद करा, मला ऐकू द्या. सगळी यंत्रं बंद झाली. म्हातारा कान देऊन राहिला, मग म्हणाला, इथंच. पाणी हळूहळू उतरलं, आधी देवळाचा कळस आला, मग घरांची आढी. म्हातारा चिखलातून चालत आपल्या दारापाशी गेला.

"आत कोन हुतं?" आबांनी विचारलं.

"अजून उजाडायचं होतं, आबा," मी म्हणालो. "काही दिसत नव्हतं. पण आतून जात्याची घरघर येत होती."

इंजिन सुरू करायला त्या दिवशी आबांना दोनदा प्रयत्न करावा लागला. मी शाळेत उशिरा पोचलो, आणि हजेरीच्या वहीत कारण लिहिलं, धुकं.

आता आबा नाहीत. त्या मालिकेचे सगळे भाग हल्ली घरबसल्या बघायला मिळतात, आणि माझा जावई शेवटचं पर्व किती रद्दी आहे यावर तासभर बोलू शकतो. मी त्याला अडवत नाही. त्याचं म्हणणं संपलं की मी खुर्ची खिडकीकडे वळवतो आणि म्हणतो, शेवटचा भाग तू पाहिलास तो वेगळा. थांब, मी सांगतो. अजून एकदाही अडखळलेलो नाही.