हाती न लागणाऱ्या कार्डाची झडती

ती झडती मी अजून विसरलेलो नाही. नोकरीतले बाकीचे किस्से मी चारचौघांत रंगवून सांगतो, पण हा सांगायची वेळ आली की विषय बदलतो. आज बदलणार नाही.

निवृत्तीला वर्ष उरलं होतं. महाड-पोलादपूर पट्ट्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. शिमग्याचे दिवस. मुंबईकर गावी आलेले, पालख्या बाहेर पडलेल्या, निम्मी माणसं बंदोबस्ताला. अशात एक ट्रान्सपोर्टवाला आपल्या मॅनेजरला घेऊन ठाण्यात आला. त्याचे ट्रक एमआयडीसीतला माल घेऊन कशेडी घाट उतरून पार गोव्यापर्यंत जायचे. पूर्वी तो ड्रायव्हरांना वाटखर्चाला रोख द्यायचा. आता त्याने प्रत्येकाच्या नावावर एकेक व्हर्च्युअल कार्ड काढलं होतं. डिझेल, टोल, पंक्चर, सगळं त्यावर. त्यातल्या एका ड्रायव्हरच्या कार्डावर महाबळेश्वरच्या हॉटेलाचा आणि सोनाराच्या दुकानाचा खर्च निघाला होता.

"सहा वर्षं आहे माझ्याकडे. विश्वास बसत नाही," मालक म्हणाला. मॅनेजरने नीट टाइप केलेला अर्ज आणि नोंदींचा कागद पुढे सरकवला. कागदावर ड्रायव्हरचं नाव छापलेलं होतं. 'व्हर्च्युअल' हा शब्द मी वाचला आणि बँकेच्या एखाद्या योजनेचं नाव असेल म्हणून सोडून दिला. विचारायची लाज वाटली. एवढी वर्षं खाकी घातलेल्या माणसाने मॅनेजरला अर्थ विचारायचा?

दुसऱ्या दिवशी आमच्या खबऱ्याने पोलादपूरहून फोन केला. "सायेब, त्याच्या घरावर नवे पत्रे चढलेत." मला एवढं पुरलं. ड्रायव्हरच्या पगारात पत्रे येत नाहीत, असं मी ठरवून टाकलं. ते पत्रे मुंबईतल्या भावाने पाठवले होते, हे त्याच्या शेजाऱ्यानेही सांगितलं असतं.

ड्रायव्हरला बोलावलं. तिशीतला, पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीवरचा. मी पहिलाच प्रश्न टाकला, "कार्ड कुठंय?"

"फोनात हाय, सायेब."

"मी फोन नाही विचारला. कार्ड काढ."

"त्याला हात लावता येत नाय, सायेब. निसता नंबर असतो. फोन द्या, दावतो."

फोन त्याच्या हातात नव्हता, कारण तो आल्या आल्या मी जप्त करून लखोट्यात सील केला होता. आणि तो माझी टिंगल करतोय असं वाटून मी त्याच्या कानाखाली दिली. तो गप्प झाला. गप्प बसलेला माणूस काहीतरी लपवतो, हा माझा तेव्हाचा अनुभव. दोन दिवस त्याला सकाळी बोलावून संध्याकाळपर्यंत बाकावर बसवला.

तिसऱ्या दिवशी झडती. वाडी माणसांनी भरलेली होती. सहाणेवर, गावच्या दगडी चौथऱ्यावर, पालखी होती, ढोल वाजत होते. जीप दिसली तसे ढोल थांबले. पंच म्हणून मी त्याच वाडीतले दोघे घेतले, त्यातला एक त्याचा सख्खा चुलता. मी बूट न काढता आत गेलो. पेटी उपडी केली, तांदळाची कणगी रिकामी केली, देवाचे फोटो भिंतीवरून उतरवले. प्लास्टिकचा एक तुकडा शोधत होतो मी! दारात मुंबईकर फोन वर धरून उभे होते.

त्याची आई तांदूळ गोळा करत म्हणाली, "काय शोधताय ता सांगा तरी, सायेब. मीच काढून देते."

पंचनाम्यात 'आक्षेपार्ह काही मिळून आले नाही' असं लिहून आम्ही उतरलो. त्या वर्षी पालखीला खांदा द्यायची पाळी त्याच्या घराची होती. गावकीने त्याला सांगितलं, औंदा राहू दे. मालकानेही गाडीची चावी काढून घेतली.

ठाण्यात आमच्याकडे नवीन आलेली एक महिला शिपाई होती. तिने झडतीचा कागद वाचला आणि चाचरत म्हणाली, "सर, व्हर्च्युअल कार्ड होतं ना? त्याला प्लास्टिक नसतंच. ऑफिसातून बसल्या जागी काढतात, कुणाच्याही नावाने. मोबाइल नंबर कुणाचा जोडलाय ते मागवूया का?"

मी म्हटलं, मागवा.

आठ दिवसांनी कार्ड देणाऱ्या कंपनीचं उत्तर आलं. ड्रायव्हरच्या नावावर दोन कार्डं होती. एक त्याच्या फोनावर, त्यावर डिझेल आणि टोल सोडून काही नाही. दुसरं ऑफिसच्या संगणकावरून काढलेलं, आणि त्याचे ओटीपी जायचे मॅनेजरच्या नंबरवर. महाबळेश्वरच्या हॉटेलात मुक्काम झाला त्या दिवशी ड्रायव्हरचा ट्रक गोव्याच्या वाटेवर टोल भरत होता.

मॅनेजरला बोलावलं तेव्हा मी त्याला खुर्ची दिली. चहा मागवला. 'अहो' म्हणालो. हे मला नंतर आठवलं. कबूल व्हायला त्याला फार वेळ लागला नाही. मालकाच्या लक्षात खर्च आला म्हणून मॅनेजरनेच त्याला घाईने तक्रार करायला लावली होती.

"त्याचंच नाव का?" मी विचारलं.

"वाडीवरचा आहे, साहेब. त्याच्या मागे कोण येणार? आणि कागदावर नाव दिसलं की तुम्ही तिथेच जाणार, हे माहीत होतं."

मॅनेजरवर गुन्हा दाखल झाला. तपास चांगला केला म्हणून वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. मी ती थोपटून घेतली. शिपाई मुलीचं नाव अहवालात होतं, पण खाली.

मालकाने ड्रायव्हरला परत बोलावलं. तो गेला नाही. पावसाळ्यात कळलं की तो वीर स्टेशनवर भाड्याची रिक्षा चालवतो. मी साध्या कपड्यांत गेलो. गाडी यायला वेळ होता, रिक्षांची रांग उभी होती. त्याने मला ओळखलं आणि उठून उभा राहिला. त्याचं ते उभं राहणंच मला लागलं.

"माझी चूक झाली. माफ कर," मी म्हणालो.

त्याने इकडेतिकडे पाहिलं. "सायेब, हितं मला कोण वळखत नाय. हितं माफी मागून माझा काय उपेग?"

"मग वाडीवर येतो. उद्या येतो."

"आता वाडीत चार म्हातारी हायत. ज्यांनी बघितलं ते मुंबईला गेलं. माझा नाव तिकडं चोर म्हणून गेलाय. शिमग्याला येतील सगळी, तवा या. सहाणेवर या."

"येतो," मी म्हणालो. शब्द दिला.

शिमगा आला तोवर मी निवृत्त झालो होतो. सकाळी पोलादपूरला उतरलो, स्टँडवर चहा घेतला. वरच्या वाड्यांवरून ढोल ऐकू येत होते. मनात आलं, एवढ्या माणसांसमोर हात जोडायचे? कुणी फोन वर धरला तर? दुसरा चहा घेतला आणि परत महाडची एसटी पकडली. त्याच्या दारात फोन धरलेली माणसं उभी होती तेव्हा मला हा विचार शिवलाही नव्हता.

या प्रकरणाने काय शिकवलं, असं कुणी विचारेल. न कळलेला शब्द विचारून घ्यावा, हे तर शिकलोच. पण त्याहून मोठं हे, की माणसाची अब्रू आपण जिथे घेतो तिथेच ती परत द्यावी लागते, आणि घ्यायला जेवढं धैर्य लागतं त्याच्या दसपट द्यायला लागतं. माझ्याकडे ते निघालं नाही.

अशा आठवणी लिहिताना कुणाचं नाव घालायचं नाही, असा रिवाज आहे. तो मीही पाळला. म्हणून हे वाचूनही त्याच्या वाडीतल्या एकाही माणसाला कळणार नाही की तो चोर नव्हता.