चुलीच्या मातीतलं तूस

आई गेली, आणि यंदाच्या पावसात परसातली तिची चूल विरघळली. मी लोणखेड्याला राहते, गॅसवर स्वयंपाक करते. चुलीवाचून माझं काही अडत नाही. तरी तसलीच चूल हवी होती. काम म्हटलं की मी आधी यादी करते: तापीकाठची पांढरी माती, शेण, भुसा. सगळं आणून चूल घातली. वाळताना तडकली. दुसरी घातली, तीही तडकली.

फुईला, म्हणजे माझ्या आत्याला, फोन केला.

“भुसं टाकं व्हई तू. तुन्ही माय तूस टाके.”

“दोन्हीमा काय फरक शे, फुई?”

“कालेजना गावमा ऱ्हास नि मालेच इचारस? भुसं ढोरेसनं. तूस म्हंजे दानाना आंगना कपडा.”

शब्दकोश काढला. तूस, मूळ संस्कृत तुष: धान्यावरचं साल. भुसा हा मळणीत चुरा झालेल्या काडाचा. तूस दाण्याला धरूनच वाढतं. इतक्या काळात शब्द जवळपास तसाच राहिला. बरं वाटलं, आणि लगेच वाईटही. माझ्या घरात तो बोलायला आता कुणी नव्हतं. मुलांना तांदूळ माहीत, तो पिशवीतलाच.

आमच्याकडे गिरणीतून धान्य सोललेलंच येतं. घरी भगर भरडणारी माणसं आता डोंगरात. जीपने धडगाव गाठलं. तिथल्या ओळखीच्या बाईंनी पोतंभर तूस दिलं. घरी त्या पावरी बोलतात, माझ्याशी मराठीत म्हणाल्या, “भगर आम्हाला ठेवून कचरा नेता, ताई? मग रोज या.”

या वेळी चूल तडकली नाही. वाळली, सारवून झाली, आणि मी पेटवायचं टाळत राहिले. मातीतलं तूस पहिल्या जाळातच जळतं. त्याचा कडवट, खरपूस वास एका चुलीला एकदाच येतो. आई नव्या चुलीवर पहिलं दूध उतू घालवायची, तेव्हा घरभर तो असायचा.

“देव्हारामा ठेवानी शे का ती?” फुई फोनवर म्हणाली. “पेटाड.”

पेटवली. दूध ठेवलं. वास आला, अगदी तोच. हातातली कामं टाकून मी चुलीपुढे बसून राहिले. दूध उतू गेलं, जाळ खाली बसला, वास विरत गेला. मग उठून भाकरीचं पीठ मळायला घेतलं.